एका इंटरप्ट लाइनवर दोन कार्डं: नेटवर्क ड्रायव्हर लिहिणाऱ्या नवख्यांसाठी

नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर पहिल्यांदा लिहिणाऱ्याचा इंटरप्ट हँडलर (कार्डाने इंटरप्ट, म्हणजे हाक, दिली की कर्नल चालवतो ते फंक्शन) बहुधा एका गृहीतकावर उभा असतो: कर्नलने मला बोलावलं, म्हणजे इंटरप्ट माझ्याच कार्डाने दिला. लाइनवर कार्ड एकटं असेल तोवर हे खपून जातं. त्याच लाइनवर यूएसबी कंट्रोलर किंवा दुसरं नेटवर्क कार्ड येऊन बसलं की तोच कोड कधी शेजाऱ्याला उपाशी ठेवतो, तर कधी अख्खं मशीन गोठवतो. सामायिक लाइनवर हँडलरला बोलावणं येतं ते फक्त 'तुझं काही आहे का?' हे विचारण्यासाठी. त्याचं खरं उत्तर देणं हे या लेखातलं मुख्य काम. बाकीच्या पायऱ्या ते उत्तर खरं राहावं यासाठीच्या व्यवस्था आहेत.

लेख लिनक्स कर्नलपुरता आहे. सी भाषा येते, साधं मॉड्यूल बांधून लोड केलेलं आहे, एवढं धरून चाललोय. फंक्शनांची आणि रजिस्टरांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. अंडरस्कोर मूळ नावात जिथे आहे तिथेच ठेवलाय, त्यामुळे कर्नलच्या सोर्समध्ये शोधताना अडचण येऊ नये.

पहिली पायरी: लाइन वाटून का घ्यावी लागते ते समजून घ्या

जुन्या आयएसए बसच्या काळात पीसीत ८२५९ जातीच्या दोन इंटरप्ट कंट्रोलर चिप एकमेकींना जोडलेल्या असत. प्रत्येकीला आठ लाइन. त्यातली एक जोडणीतच जायची, म्हणून उरायच्या १५. टायमर, कीबोर्ड, डिस्क, सिरियल पोर्ट यांनी आपापल्या उचलल्या की नेटवर्क कार्डासाठी शोधाशोध सुरू. एनई२००० सारखं कार्ड आयआरक्यू ३ वर, म्हणजे ३ क्रमांकाच्या इंटरप्ट लाइनवर, बसवलं की कॉम२ या सिरियल पोर्टशी भांडण ठरलेलं. तिथे लाइन वाटून घेणंही धड जमत नसे, कारण आयएसएचे इंटरप्ट एज-ट्रिगर्ड असत: कंट्रोलरला लाइन बदलण्याचा क्षण तेवढा कळे. एका कार्डाने लाइन वर धरून ठेवली असताना दुसऱ्याने इंटरप्ट दिला, तर लाइनच्या दृष्टीने काही बदललंच नाही, आणि तो इंटरप्ट हरवला.

आयएसएनंतरच्या पीसीआय बसने हे मुळातून बदललं. पीसीआय उपकरणाला इंटए ते इंटडी अशा चार इंटरप्ट पिना मिळतात, पण एकच काम करणारं कार्ड इंटएच वापरतं. मदरबोर्डावर या पिना मोजक्या लाइनना जोडलेल्या असतात. स्लॉटागणिक जोडणी एकेक घर सरकवलेली असते, नाहीतर सगळ्यांचे इंटए एकाच लाइनवर गोळा झाले असते. सरकवूनही उपकरणं लाइनपेक्षा जास्त झाली की दोघांना एकत्र राहावंच लागतं. पीसीआयचा इंटरप्ट लेव्हल-ट्रिगर्ड असतो: कुणीही लाइन खाली ओढू शकतो, आणि ज्यांनी ओढली त्या सगळ्यांनी सोडली तरच ती वर जाते. वाड्याच्या दिंडीदरवाजावर सगळ्या बिऱ्हाडांची मिळून एकच बेल असावी, आणि ज्याच्याकडे काम आहे तो बाहेर येईपर्यंत पाहुण्याने बेलवरचं बोट काढूच नये, तसा हा प्रकार. पाहुणे दोन असतील तर एकाचं काम झालं तरी बेल वाजत राहते. त्यामुळे इंटरप्ट हरवत नाही. पण ज्याने जायचं तोच गेला नाही, तर बेल थांबतही नाही.

पुढची सगळी दुखणी या शेवटच्या वाक्यातून निघतात.

आजची बहुतेक कार्डं एमएसआय (पिनेऐवजी मेमरीतल्या लिखाणाने दिलेला इंटरप्ट, नवव्या पायरीत बघू) वापरतात आणि तिथे वाटणीचा प्रश्नच येत नाही, हे खरंय. तरी जुनी पीसीआय कार्डं, आभासी मशीन, काही औद्योगिक बोर्ड आणि ज्यांचं एमएसआय बिघडलेलं आहे अशी हार्डवेअर, इथे अजून सामायिक लाइन भेटतेच. पीसीआय एक्सप्रेसमध्ये तर या पिना प्रत्यक्षात नाहीतच. लाइन 'ओढली' आणि 'सोडली' असे दोन संदेश पाठवून तिचं सोंग आणलं जातं, आणि ड्रायव्हरला फरक कळू दिला जात नाही.

दुसरी पायरी: घरच्या घरी लाइन सामायिक करून घ्या

हे खऱ्या हार्डवेअरवर शिकायचं तर मशीन दहा वेळा बंद-चालू करावं लागेल. त्यापेक्षा क्यूईएमयू हा आभासी मशीन चालवणारा प्रोग्रॅम घ्या. मशीनचा प्रकार 'पीसी' ठेवा, 'क्यू३५' नको. तिथली जोडणी वेगळी असते. मग आरटीएल८१३९ मॉडेलची दोन कार्डं लावा, एक स्लॉट ५ वर आणि एक स्लॉट ९ वर, दोघांना वेगवेगळी यूजर-मोड नेटवर्क देऊन. या मशीनमध्ये जोडणी दर चार स्लॉटांनी पुन्हा तीच येते, म्हणून चारच्या अंतरावरची दोन कार्डं हमखास एकाच लाइनवर येतात.

रिअलटेकचं आरटीएल८१३९ मुद्दाम निवडलंय. १०० मेगाबिटची, स्वस्त, एकेकाळी जिकडेतिकडे दिसणारी ही चिप आहे. तिची इंटरप्टची यंत्रणा फक्त दोन १६-बिटी रजिस्टरांत मावते: हेक्स ३सी पत्त्यावर इंटर-मास्क (कुठले इंटरप्ट द्यायची परवानगी आहे), हेक्स ३ई वर इंटर-स्टेटस (काय काय घडलंय). स्टेटसमधल्या ज्या बिटवर १ लिहाल तो पुसला जातो. लॅमिंग्टन रोडवर किंवा जुन्या बाजारात असलं कार्ड हाती लागलं तर खऱ्या स्लॉटातही लावून बघा.

इथे नवखे हमखास गोंधळतात. कर्नलमध्ये या चिपसाठी दोन ड्रायव्हर आहेत, ८१३९टू आणि ८१३९सीपी. क्यूईएमयूचं मॉडेल आपण सी-प्लस आवृत्ती असल्याचं सांगतं, त्यामुळे ८१३९टू 'ही सुधारित चिप आहे, ८१३९सीपी वापरा' असा निरोप लॉगमध्ये टाकून बाजूला होतो. तुम्हाला वाचायचाय तो ८१३९सीपी. दोन्ही शेजारी उघडून ठेवा. एकाच चिपकुळासाठी दोघांनी थोडे वेगळे निर्णय घेतलेत आणि त्या फरकातून खूप शिकता येतं.

दोन्ही इंटरफेस 'अप' करा आणि /प्रॉक/इंटरप्ट्स ही फाइल वाचा. १० किंवा ११ क्रमांकाच्या ओळीत दोन्ही इंटरफेसांची नावं स्वल्पविरामाने जोडलेली दिसली पाहिजेत. इंटरफेस अप करण्याआधी दिसणार नाहीत, कारण नेटवर्क ड्रायव्हर इंटरप्ट मागतो तो प्रोबमध्ये (कार्ड सापडल्यावर चालणारं फंक्शन) नाही, ओपनमध्ये (इंटरफेस अप करताना चालणारं). कुठलं कार्ड कुठल्या पिनवरून कुठल्या लाइनला गेलंय ते एलएसपीसीआय या कमांडला सविस्तर माहिती मागितली की दिसतं.

तिसरी पायरी: नोंदणी

रिक्वेस्ट_आयआरक्यू ला पाच गोष्टी द्याव्या लागतात: इंटरप्टचा क्रमांक, हँडलर, फ्लॅग, नाव आणि डेव्ह_आयडी. सामायिक लाइनसाठी फ्लॅगमध्ये आयआरक्यूएफ_शेअर्ड हवा. (फार जुन्या लेखांत हाच फ्लॅग एसए_एसएचआयआरक्यू या नावाने दिसेल, २.६ मालिकेतच तो बदलला.)

डेव्ह_आयडी कडे नीट लक्ष द्या. शेअर्ड म्हणून नोंदणी करताना तो नल दिलात तर कर्नल सरळ उणे-ईइन्व्हॅल ही चूक परत करतो. कारण साधं आहे: आपल्या प्रयोगात दोन्ही कार्डांचा हँडलर एकच फंक्शन आहे. ते कुठल्या कार्डासाठी बोलावलं गेलं हे त्याला डेव्ह_आयडी वरूनच कळतं, आणि उद्या फ्री_आयआरक्यू करताना साखळीतून नेमकी कुणाची कडी काढायची हे कर्नललाही त्यावरूनच कळतं. नेटवर्क ड्रायव्हर इथे सहसा नेट_डिव्हाइसचा पॉइंटर देतात. ग्लोबल व्हेरिएबलात 'माझं कार्ड' ठेवून डेव्ह_आयडी ला काहीतरी किडुकमिडुक देणारा कोड एका कार्डावर चालतो आणि दुसरं कार्ड लावताच मरतो.

लाइनवर आधीपासून असलेल्याने शेअर्ड म्हटलं नसेल, किंवा त्याचा ट्रिगरचा प्रकार वेगळा असेल, किंवा एकाने आयआरक्यूएफ_वनशॉट लावलाय आणि दुसऱ्याने नाही, तर उणे-ईबिझी मिळतं आणि लॉगमध्ये फ्लॅग जुळत नसल्याची, दोघांची नावं देणारी ओळ येते. ती दिसली की शेजाऱ्याचा ड्रायव्हर उघडा. तुमच्याच कोडात तासभर शोधत बसू नका.

आता वेळेचा मुद्दा. लाइनवर एकटे असाल तर चिपचे इंटरप्ट चालू केल्याशिवाय हँडलर चालत नाही, म्हणून क्रम थोडा चुकला तरी कळत नाही. सामायिक लाइनवर मात्र रिक्वेस्ट_आयआरक्यू परत येण्याआधीच शेजारच्या कार्डामुळे तुमचा हँडलर चालू शकतो. त्या क्षणी तो ज्या ज्या गोष्टीला हात लावेल ती तयार असायला हवी: रजिस्टरांचा पत्ता मॅप झालेला, लॉक सुरू केलेले, रिंग (पॅकेटांच्या नोंदींच्या गोल रांगा) वाटप झालेल्या. ८१३९सीपीच्या ओपनमधला क्रम गिरवण्याजोगा आहे. आधी रिंग, मग नापी (दर पॅकेटला इंटरप्ट न घेता पोलने, म्हणजे स्वतः विचारून, पॅकेटं काढण्याची कर्नलची सोय; पाचवी पायरी बघा) चालू, मग हार्डवेअरची मांडणी, त्यानंतर रिक्वेस्ट_आयआरक्यू, आणि सगळ्यात शेवटी चिपच्या मास्कमध्ये इंटरप्ट चालू. ८१३९टू उलट आधी इंटरप्ट मागतो आणि रिंग नंतर घेतो. त्याचा हँडलर सावध असल्यामुळे ते निभावतं. नव्या माणसाने सीपीचाच क्रम घ्यावा, असं माझं मत.

चौथी पायरी: हँडलर

इंटरप्ट आला की कर्नल त्या लाइनवर नोंदलेले सगळे हँडलर एकामागून एक चालवतो. एकाने 'माझा' म्हटलं म्हणून तो थांबत नाही, कारण लेव्हल लाइनवर एकाच वेळी दोघांचं काम असू शकतं. प्रत्येक हँडलर तीनपैकी एक उत्तर देतो: आयआरक्यू_नन (माझा नाही), आयआरक्यू_हँडल्ड (माझा होता, बघितला) किंवा आयआरक्यू_वेक_थ्रेड (माझा आहे, उरलेलं काम थ्रेड करेल). नेटवर्क ड्रायव्हरला पहिली दोन पुरतात.

आपल्या चिपसाठी सांगाडा असा होतो:

    मास्क = वाच(इंटर-मास्क)
    मास्क शून्य असेल तर: परत दे आयआरक्यू_नन
    स्थिती = वाच(इंटर-स्टेटस)
    स्थितीचे सगळे बिट १ असतील तर: परत दे आयआरक्यू_नन
    (स्थिती आणि मास्क) यांत एकही बिट सामाईक नसेल तर: परत दे आयआरक्यू_नन
    पॅकेट येण्याचे बिट सोडून बाकीचे पूस
    पॅकेट आलं असेल तर: मास्कमधून ते बिट काढ, नापी लाव
    पाठवणं संपलं असेल तर: पाठवण्याची रिंग साफ कर
    परत दे आयआरक्यू_हँडल्ड

ओळींची संख्या कमी असली तरी प्रत्येकीमागे कारण आहे.

मास्क शून्य म्हणजे तुमच्या चिपला बोलायची परवानगीच नाही. मग स्टेटसमध्ये काहीही दिसो, लाइन तिने ओढलेली असणं शक्य नाही.

सगळे बिट १ हे पीसीआयवर 'पलीकडे कुणी उत्तर देत नाही' याचं लक्षण. कार्ड उपटून काढलंय, किंवा ते झोपेच्या अवस्थेत आहे. ही तपासणी नसेल तर हँडलर समजतो की जगातले सगळे इंटरप्ट एकदम आले, आणि अस्तित्वात नसलेल्या रिंगमधून पॅकेट काढायला लागतो. ८१३९च्या दोन्ही ड्रायव्हरांत ही ओळ आहे.

स्थिती आणि मास्क यांचा मेळ घालण्याची ओळ सीपीमध्ये या रूपात नाही. तो स्टेटस शून्य नाही एवढ्यावर 'माझा' म्हणतो. त्याने मोठं नुकसान होत नाही, पण नापीचं काम चालू असताना काय घडतं ते बघा. पॅकेट येण्याचे बिट मास्कमधून काढलेले असतात, स्टेटसमध्ये मात्र ते पोल सुरू होईपर्यंत तसेच असतात आणि पोल चालू असतानाही नव्या पॅकेटमुळे पुन्हा उमटतात. तेवढ्यात शेजाऱ्याचा इंटरप्ट आला तर सीपी तोही आपलाच म्हणून घेतो. नवा ड्रायव्हर लिहिताना मास्कशी मेळ घाला. दरवेळी मास्क रजिस्टर वाचणं महाग वाटत असेल तर त्याची प्रत मेमरीत ठेवा आणि ती लॉकखालीच बदला.

काही चिपमध्ये स्टेटस वाचला की आपोआप पुसला जातो. इंटेलच्या ई१००० कुळातलं आयसीआर रजिस्टर असं आहे. तिथे 'नुसतं डोकावून बघू' ही सोय नाही. वाचलंत तर त्यातला प्रत्येक बिट तुमच्या अंगावर. ई१०००चा हँडलर आयसीआर शून्य आला तर नन म्हणतो. आणि इंटरफेस बंद होत असताना बिट दिसले, तर काहीही न करता हँडल्ड म्हणतो, कारण इंटरप्ट कदाचित आपणच दिला होता आणि वाचण्यामुळे तो पुसलाही गेला. ई१०००ई मधल्या चिपांना तर 'मी खरोखर इंटरप्ट दिलाय' सांगणारा वेगळा बिटच आहे; तो नसेल तर हँडलर नन म्हणून निघून जातो. नवीन चिप हातात आली की डेटाशीटमध्ये पहिल्यांदा हेच शोधा: स्टेटस लिहून पुसायचा की वाचून, आणि मास्क केलेले बिट स्टेटसमध्ये दिसतात की नाही.

मास्क बदलल्यावर तेच रजिस्टर एकदा परत वाचा. पीसीआयवर मेमरी-मॅप्ड रजिस्टरात केलेलं लिखाण वाटेतल्या ब्रिजमध्ये रेंगाळू शकतं. ते चिपपर्यंत पोचण्याआधी हँडलर संपला तर लाइन अजून ओढलेलीच असते. कर्नल पुन्हा विचारतो, आणि या खेपेला सगळे जण नन म्हणतात. सीपीमध्ये शेवटी 'एफ' असलेले लिहिण्याचे मॅक्रो दिसतील. ते लिहून लगेच वाचतात, ते याचसाठी. वाचण्याचा आणखी एक फायदा: जुन्या पिनवाल्या इंटरप्टची वाट डेटापेक्षा वेगळी असल्यामुळे कार्डाने मेमरीत टाकलेला डेटा पोचायच्या आधी इंटरप्ट पोचू शकतो. कार्डाचं रजिस्टर वाचलं की वाटेतला डेटा आधी पुढे ढकलला जातो. स्टेटस वाचणं अशा रीतीने दोन कामं करतं.

लॉकबद्दल थोडक्यात. एकाच लाइनचा हँडलर दोन सीपीयूंवर एकदम चालत नाही, ही कर्नलची हमी. पण ट्रान्समिट किंवा नापीचा पोल दुसऱ्या सीपीयूवर चालू असतोच. म्हणून हँडलरमध्ये साधा स्पिन_लॉक, आणि हँडलरबाहेर तोच लॉक घेताना इंटरप्ट बंद करणारा प्रकार.

पाचवी पायरी: नापी, आणि लाइनला हात न लावणं

पॅकेटचा लोंढा आला की दर पॅकेटला इंटरप्ट परवडत नाही. म्हणून हँडलर चिपचे पॅकेटचे इंटरप्ट बंद करतो, नापी_शेड्यूल_प्रेप हो म्हणाल्यावर पोल लावतो, आणि पोल आपल्या वाट्याची पॅकेटं काढतो. वाट्यापेक्षा कमी निघाली आणि नापी_कम्प्लीट_डन ने होकार दिला, तर पोल चिपचे इंटरप्ट पुन्हा चालू करतो.

इथे 'बंद करणं' म्हणजे चिपच्या मास्क रजिस्टरात बंद करणं. डिसेबल_आयआरक्यू नाही! त्या फंक्शनला तुमचं कार्ड ओळखता येत नाही; ते सगळी लाइन बंद करतं. पोल संपेपर्यंत शेजारच्या कार्डाचा, यूएसबीचा, जो कोणी असेल त्याचा श्वास कोंडतो. एकट्याच्या लाइनवर लिहिलेल्या ड्रायव्हरांत हे बऱ्याचदा सापडतं आणि चाचणीत कधीच पकडलं जात नाही, कारण चाचणी करणाऱ्याच्या मशीनवर शेजारी नसतो.

नापी_शेड्यूल_प्रेप नाही म्हणालं, म्हणजे पोल आधीच लागलेला आहे, तर मास्क पुन्हा बदलू नका. उत्तर मात्र चिपच्या स्थितीवरून ठरवा, नापीच्या उत्तरावरून नको.

सहावी पायरी: 'कुणालाच पर्वा नाही'

कर्नल प्रत्येक लाइनवर हिशेब ठेवतो. एक लाख इंटरप्टांपैकी ९९,९०० हून जास्त वेळा सगळ्यांनी नन म्हटलं, तर तो 'नोबडी केअर्ड' असा संदेश लॉगमध्ये टाकतो, त्याखाली त्या लाइनवरच्या हँडलरांची यादी देतो आणि लाइन बंद करतो. अधूनमधून येणाऱ्या भटक्या इंटरप्टांनी लाइन बंद पडू नये म्हणून दोन अनाथ इंटरप्टांमध्ये सेकंदाच्या दहाव्या भागाहून जास्त अंतर असेल, तर अनाथांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते.

लाइन बंद झाल्यावर मशीन मरत नाही. कर्नल अशा बंद लाइनवरच्या हँडलरांना सेकंदाला सुमारे दहा वेळा उगीच विचारून बघतो. त्यामुळे नेटवर्क चालू, पण पिंगला शंभर मिलिसेकंदांपर्यंत वेळ, असं चमत्कारिक दृश्य दिसतं. 'कार्ड अचानक गोगलगाय झालं' अशी तक्रार आली की आधी लॉगमध्ये हा संदेश शोधा. चालू हिशेब /प्रॉक/आयआरक्यू खाली त्या क्रमांकाच्या फोल्डरात 'स्प्युरियस' नावाच्या फाइलमध्ये असतो: एकूण किती, अनाथ किती, आणि शेवटचा अनाथ कधी. ड्रायव्हरवर काम करताना ही फाइल दुसऱ्या टर्मिनलमध्ये उघडी ठेवायची सवय लावून घ्या.

संदेशाखालच्या यादीत ज्याचं नाव आहे तोच गुन्हेगार, असं धरू नका. लाइन ओढून धरणारा बऱ्याचदा यादीत नसतोच, कारण त्याचा ड्रायव्हर लोडच झालेला नसतो. याचं नोंदलेलं उदाहरण इंटेलच्या ई१०० कार्डांचं: काही फर्मवेअर मशीन सुरू करताना या कार्डाचे इंटरप्ट चालूच ठेवून जायचे. ई१००चा ड्रायव्हर लोड होण्याआधी त्याच लाइनवर दुसऱ्या कुणी नोंदणी केली, की लाइन उघडायची आणि किंचाळायला लागायची. ठपका त्या दुसऱ्यावर. कर्नलच्या पीसीआय क्वर्क्समध्ये (हार्डवेअरच्या खोड्या सांभाळणारा कोड) यासाठी खास तुकडा आहे, जो कार्ड सापडताच त्याचे इंटरप्ट बंद करतो आणि फर्मवेअरच्या नावाने लॉगमध्ये एक ओळ लिहितो. तुमच्या ड्रायव्हरने यातून एवढं घ्यावं: प्रोबमध्ये चिप सापडली की आधी रीसेट करा, मास्क शून्य करा, मग बाकीचं. पीसीआय २.३ पासून कमांड रजिस्टरातला १० क्रमांकाचा बिट (शून्यापासून मोजून) उपकरणाचा पिनवाला इंटरप्ट सरसकट बंद करू शकतो; पीसीआय_आयएनटीएक्स हे फंक्शन तोच बिट हलवतं.

या संदेशाला कंटाळून हँडलरमधून नेहमीच हँडल्ड परत करणारे महाभाग असतात. त्याने संदेश जातो, हे खरं. पण कर्नलचा पहारेकरीही झोपतो. पुढे खरंच लाइन अडकली की एक सीपीयू आयुष्यभर हँडलरमध्ये फिरत राहतो आणि लॉगमध्ये एक अक्षर येत नाही. नोबडी केअर्ड हा त्यापेक्षा कितीतरी दयाळू मृत्यू आहे. बूटच्या वेळी आयआरक्यूपोल हा पर्याय द्या, असं संदेश स्वतःच सुचवतो. रात्री सर्व्हर चालू ठेवण्यापुरतं ते ठीक, दुरुस्ती म्हणून नाही.

सातवी पायरी: बंद करताना

इंटरफेस डाउन करताना क्रम उलटा: नापी बंद, रांग बंद, चिपचा मास्क शून्य आणि ते पोचल्याची खात्री, मग फ्री_आयआरक्यू, आणि रिंग मोकळ्या करणं शेवटी. फ्री_आयआरक्यू चालू असलेला हँडलर संपेपर्यंत थांबतं. म्हणूनच ते हँडलरमधून किंवा हँडलरही घेतो असा स्पिनलॉक धरून बोलावता येत नाही. रिंग आधी मोकळ्या केल्या तर शेजाऱ्याच्या इंटरप्टने जागा झालेला तुमचा हँडलर मोकळ्या मेमरीत हात घालेल. मास्क शून्य केला म्हणून आपण सुरक्षित, असं इथे वाटतं. पण हँडलर चालण्यासाठी तुमच्या चिपने बोलायची गरजच नाही.

सस्पेंडमध्ये हीच गोष्ट जास्त बोचते. कार्ड झोपलंय, शेजारी जागा आहे, आणि शेजाऱ्याचा प्रत्येक इंटरप्ट तुमच्या हँडलरलाही उठवतोय. पीसीआयवर वाचल्यास सगळे १ मिळतात आणि आपण निसटतो. काही एसओसीवर (प्रोसेसर आणि उपकरणं एकाच चिपमध्ये असलेल्या) मात्र क्लॉक बंद असलेल्या उपकरणाचं रजिस्टर वाचलं की बसच अडकते. तिथे रजिस्टराला हात लावण्याआधी 'मी झोपलोय' असा झेंडा मेमरीत तपासा. तो झेंडा लावल्यावर सिंक्रोनाइझ_आयआरक्यू करा, म्हणजे आधीच आत शिरलेला हँडलर बाहेर पडेल; पॉवर त्यानंतर काढा.

आठवी पायरी: मुद्दाम मोडून बघा

कर्नल बांधताना कॉन्फिग_डीबग_एसएचआयआरक्यू चालू करा. मग सामायिक हँडलर काढला जात असताना कर्नल त्याला एकदा खोटीच हाक मारतो. (नोंदणीच्या वेळी तशी हाक मारण्याचा भाग सध्या बंद ठेवलेला आहे, म्हणून तिसऱ्या पायरीतला क्रम तुम्हालाच डोळ्यांनी तपासावा लागेल.)

मग क्यूईएमयूमध्ये एका कार्डावर जोरदार डेटा सोडा आणि दुसरं सतत अप-डाउन करत राहा. दोन-चार मिनिटांत काही झालं नाही तर ड्रायव्हर बरा आहे. आता ८१३९सीपीची प्रत घेऊन हँडलरच्या सुरुवातीलाच नन परत करा, एकही बिट न पुसता. इंटरफेस अप करून पिंग सोडलंत की लाइन अडकते. आभासी मशीनच्या कन्सोलवर नोबडी केअर्ड येतं, पिंग रखडतं. नन ऐवजी हँडल्ड लिहून तोच प्रयोग पुन्हा करा, पण त्याआधी उघड्या फाइल सेव्ह करा आणि मशीनला सीपीयू एकच द्या. सहाव्या पायरीत दयाळू मृत्यू का म्हटलं ते कळेल.

नववी पायरी: शक्य तिथे लाइन सोडून द्या

कार्डाला एमएसआय येत असेल तर तेच वापरा. त्यात इंटरप्ट म्हणजे कार्डाने ठरलेल्या पत्त्यावर केलेलं एक मेमरी लिखाण असतं. ते डेटाच्याच वाटेने, डेटाच्या मागून जातं आणि कुणाशी वाटून घ्यावं लागत नाही. एमएसआयमध्ये एका उपकरणाला ३२ पर्यंत वेक्टर (स्वतंत्र इंटरप्ट) मिळतात, एमएसआय-एक्समध्ये २०४८ पर्यंत. प्रत्येक रांगेला स्वतंत्र इंटरप्ट देणं त्यामुळेच जमतं.

त्यासाठी पीसीआय_अलॉक_आयआरक्यू_व्हेक्टर्स ला 'सगळे प्रकार चालतील' असं सांगा. ते आधी एमएसआय-एक्स, मग एमएसआय आणि काहीच न जमल्यास पिनवाला इंटरप्ट देतं. क्रमांक पीसीआय_आयआरक्यू_व्हेक्टर कडून घ्या, पीडेव्हच्या (पीसीआय उपकरणाची कर्नलमधली नोंद) आयआरक्यू फील्डमधून थेट नको. शेवटच्या पर्यायावर घसरण होणार असेल तर आयआरक्यूएफ_शेअर्ड द्यायलाच हवा आणि वरचा सगळा हँडलर जसाच्या तसा लागेल. ही वाट रोजच्या वापरात चालतच नसल्यामुळे गंजते. म्हणून चाचणीत एक फेरी बूटच्या वेळी 'पीसीआय=नोएमएसआय' देऊन करा, आणि तीही लाइनवर दुसरं उपकरण असताना. नव्या कर्नलमध्ये पिनवाल्या प्रकाराचं नाव पीसीआय_आयआरक्यू_आयएनटीएक्स आहे. जुन्या उदाहरणांतलं पीसीआय_आयआरक्यू_लेगसी म्हणजे तेच.